उसाचा रस, साखरेचा उतारा आणि पेट्रोलमधले इथेनॉल

कोल्हापूर जिल्ह्यात सध्या दोन विषयांवर हमखास वाद होतो. पेट्रोल पंपावर गाडीचे ॲव्हरेज कमी झाल्याची तक्रार ऐकू येते आणि तिचा दोष पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला दिला जातो. गळीत हंगाम तोंडावर आला की गावोगावी, आणि जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत तर मोठ्या आवाजात, असे विचारले जाते की कारखाने साखरेबरोबर इथेनॉलही विकत असतील, तर त्या पैशातला उत्पादकाचा वाटा कुठे आहे. हे दोन्ही प्रश्न मुळात एकाच निर्णयाशी जोडलेले आहेत. उसाच्या रसातील किती साखर पोत्यात भरायची आणि किती साखर मद्यार्कात म्हणजे इथेनॉलमध्ये बदलायची, हा तो निर्णय आहे. तो कसा घेतला जातो हे कळले, तर दोन्ही तक्रारींत खरे किती आणि अतिशयोक्ती किती, हे प्रत्येकाला स्वतः ताडून पाहता येते. म्हणून सुरुवात कारखान्याच्या आतून करू.

उसाचे गाळप झाल्यावर निघालेला रस स्वच्छ करून आटवला जातो आणि त्याचा दाट पाक बनतो. हा पाक पॅनमध्ये उकळला की त्यात साखरेचे दाणे धरतात. ते वेगाने फिरणाऱ्या सेंट्रीफ्यूगल यंत्रात वेगळे केले की जो दाट द्रव उरतो, त्याला पहिल्या उकळीची म्हणजे ए-हेवी मळी म्हणतात. तीत अजून बरीच साखर असल्याने ती पुन्हा उकळतात. दुसऱ्या वेळी उरते ती बी-हेवी मळी आणि तिसऱ्या वेळी उरते ती सी-हेवी मळी. सी-हेवी मळीतही साखर असते. पण तिचे दाणे काढणे व्यवहारात परवडत नाही. पूर्वी डिस्टिलरी चालायची ती प्रामुख्याने या शेवटच्या मळीवर. साखर हे मुख्य उत्पादन आणि मद्यार्क हे उरलेल्या वस्तूचे मोल, अशी ती रचना होती.

गेल्या काही वर्षांत झालेला बदल असा की कारखान्याला आता आधीच्या टप्प्यावरही थांबता येते. तिसरी उकळी न घेता बी-हेवी मळी डिस्टिलरीकडे वळवली, तर साखर थोडी कमी मिळते आणि इथेनॉल बरेच जास्त मिळते. रस किंवा पाकच वळवला, तर त्या उसाची साखर मुळीच होत नाही, सगळे इथेनॉल होते. एक टन उसातून सी-हेवी मार्गाने साधारण १० ते ११ लिटर इथेनॉल मिळते आणि साखर पूर्ण मिळते. थेट रसापासून केले, तर सरासरी उताऱ्याच्या (उतारा म्हणजे उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर मिळते ते) उसातून टनामागे सुमारे ७० लिटर मिळते. रस मात्र साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे तो मार्ग गाळपाच्या दिवसांपुरताच खुला असतो. मळी टाक्यांत महिनोन्‌महिने राहते आणि हंगाम संपल्यावरही डिस्टिलरी चालू ठेवते.

डिस्टिलरीत पुढे जे घडते, त्यातली पहिली पायरी आंबवण्याची आहे. पाव फुगवण्यासाठी जे यीस्ट वापरतात, त्याच जातीचे यीस्ट येथे साखर खाते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. ग्लुकोजसारख्या साध्या साखरेचे १८० ग्रॅम घेतले, तर रसायनशास्त्राच्या हिशेबाने जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल मिळू शकते; उरलेले ८८ ग्रॅम वायुरूपाने जातात. म्हणजे साखरेच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग या पायरीवरच निघून जातो, आणि कोणतेही यंत्र आणले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. काही प्रकल्प हा वायू गोळा करून शीतपेयांसाठी आणि ड्राय आइससाठी विकतात.

आंबवलेल्या द्रवात मद्यार्क साधारण ८ ते १२ टक्केच असतो. तो ऊर्ध्वपातनाने वेगळा करतात. इथेनॉल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी १०० अंशाला, त्यामुळे वाफेत इथेनॉलचे प्रमाण वाढत जाते. पण सुमारे ९५ टक्क्यांपाशी हा मार्ग अडतो, कारण तेथे पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी तर जवळपास पाणीविरहित, ९९.५ टक्क्यांहून अधिक शुद्ध इथेनॉल लागते. त्यासाठी वाफ झिओलाइट नावाच्या खनिजाच्या थरातून सोडतात. या खनिजाची छिद्रे इतकी बारीक असतात की पाण्याचा रेणू त्यात शिरून अडकतो आणि आकाराने मोठा असलेला इथेनॉलचा रेणू बाहेरून पुढे जातो. एवढे केल्यावर जे मिळते, ते तेल कंपन्यांच्या टाक्यांकडे रवाना होते.

कारखाना साखर करायची की इथेनॉल, हे कसे ठरवतो, हा या विषयाचा गाभा आहे. केंद्र सरकारच्या हिशेबात एक टन साखर सोडली की तिच्या जागी सुमारे ६०० लिटर इथेनॉल मिळते, असे धरले जाते. उसाच्या रसापासून केलेल्या इथेनॉलचा दर २०२२-२३ च्या पुरवठा वर्षात लिटरला ६५ रुपये ६१ पैसे ठरला आणि २०२४-२५ मध्येही तो तेवढाच राहिला. ६०० ला ६५.६१ ने गुणले की सुमारे ३९,३६६ रुपये येतात. याचा अर्थ, इथेनॉलकडे वळवलेल्या साखरेला किलोमागे जेमतेम ३९ रुपये मिळतात, आणि त्यातूनही डिस्टिलरीचा खर्च वजा व्हायचा असतो. साखरेचा कारखान्यावरचा दर याहून बराच खाली असेल, तर इथेनॉल करणे फायद्याचे ठरते. तो दर जवळ आला की कारखाना पुन्हा पोत्यांकडे वळतो. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, मात्र दरम्यानच्या प्रत्येक हंगामात वाढली. इथेनॉलचा दर जागच्या जागी आणि कच्च्या मालाचा दर चढता, या कारखान्यांच्या तक्रारीत तथ्य आहे, असे हे आकडे पाहून माझे मत झाले आहे.

तरीही कारखान्यांनी इथेनॉलची कास धरली, ती दरापेक्षा रोख रकमेसाठी. साखर गोदामात पडून राहते, तिच्यावर बँकेचे व्याज चढते आणि दर महिन्याला किती विकायची याचा कोटा सरकार ठरवते. तिचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये करण्यात आला आणि २०२५ संपेपर्यंत तो तसाच होता. इथेनॉलचा खरेदीदार ठरलेला असतो आणि पैसे काही आठवड्यांत येतात. कागल, शिरोळ, हातकणंगले, करवीर या तालुक्यांत हजारो कुटुंबांचे वर्षाचे गणित उसाच्या बिलावर उभे आहे. अशा ठिकाणी बिल वेळेवर देण्याची कारखान्याची क्षमता ही मोठीच गोष्ट आहे.

या धोरणाचा प्रवास मात्र सरळ झालेला नाही. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग देशात तीन ठिकाणी सुरू झाले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात होते, मनमाडला आणि आपल्या शेजारच्या मिरजेला. २००३ मध्ये कार्यक्रमाचा विस्तार झाला, पण दहा वर्षांनंतरही, म्हणजे २०१३-१४ मध्ये, देशातील मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होते. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी, रस आणि खराब धान्य यांना दारे उघडली, डिस्टिलरी उभारणीच्या कर्जावर व्याज सवलत मिळाली आणि वेग आला. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. वीस टक्क्यांसाठी आधी २०३० हे वर्ष ठरले होते. ते अलीकडे ओढण्यात आले आणि २०२५ मध्ये देशभर ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हेच नेहमीचे पेट्रोल झाले.

मधल्या काळात एक मोठा धक्का बसला. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. साखर कमी पडेल या धास्तीने केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन हंगामात, रस आणि पाकापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभरातच ती सैल करून १७ लाख टन साखरेएवढी मर्यादा घालण्यात आली. निर्बंध उठले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. ज्या कारखान्यांनी रसावर चालणाऱ्या डिस्टिलरीसाठी कर्जे काढली होती, त्यांचे हप्ते या काळात थांबले नव्हते. ग्राहकाला साखर रास्त दरात मिळायला हवी, हे सरकारचे म्हणणे समजण्यासारखे आहे; पण हंगाम सुरू झाल्यावर, करार झाल्यानंतर नियम बदलणे अन्यायाचे होते, असे मला मनापासून वाटते. त्याचा एक परिणाम आजही टिकून आहे. इथेनॉलची उणीव भरून काढण्यासाठी मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे इतका चढा दर मिळाला, धान्यावरच्या डिस्टिलरी झपाट्याने वाढल्या आणि २०२५-२६ च्या वाटपात उसावर आधारित इथेनॉलचा हिस्सा एक तृतीयांशाहूनही कमी राहिला. ज्या उसाने हा कार्यक्रम उभा केला, तो आता त्यात दुय्यम ठरला आहे. सहकारी कारखान्यांनी आपल्या डिस्टिलरी मका आणि खराब धान्यावरही चालतील अशा कराव्यात, यासाठी मार्च २०२५ मध्ये व्याज सवलतीची वेगळी योजना आली, ती याच पार्श्वभूमीवर.

आता ऊस उत्पादकाच्या प्रश्नाकडे वळू. एफआरपी साखरेच्या उताऱ्यावर ठरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त, असा दर आहे. कोल्हापूरचा उतारा चांगल्या हंगामात बारा टक्क्यांच्या घरात जातो. हा जिल्हा उसाच्या दरात पुढे राहतो, त्याचे मुख्य कारण हेच आहे. १२.२५ टक्के उतारा धरला, तर टनाला ४,२४२ रुपये होतात; त्यातून तोडणी आणि ओढणीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम खात्यावर जमा होते.

यात इथेनॉलमुळे एक गुंता निर्माण होतो. कारखान्याने बी-हेवी मळी वळवली की पोत्यांत भरलेली साखर कमी होते आणि कागदावरचा उतारा घटतो. समजा, ही घट दीड टक्क्याची आहे. घटलेला उतारा तसाच धरला, तर टनामागे ५१९ रुपयांचा फटका उत्पादकाला बसेल, आणि तोही अशा साखरेसाठी जी त्याच्या उसात होती व जी कारखान्याने इथेनॉल म्हणून विकलेली आहे. म्हणूनच नियम असा आहे की वळवलेल्या साखरेमुळे झालेली घट मोजून ती उताऱ्यात परत मिळवायची आणि त्या अंतिम उताऱ्यावर एफआरपी काढायची. महाराष्ट्रात या घटीची तपासणी मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट करते. म्हणून बिल पाहताना केवळ ‘साखर उतारा’ पाहून भागत नाही. प्रत्यक्ष उतारा किती, इथेनॉलसाठीची वाढ किती आणि एफआरपीसाठी धरलेला अंतिम उतारा किती, हे तीन आकडे वेगवेगळे मागायला हवेत. सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदाला ते विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

एफआरपीच्या वरचा वाटा हा वेगळा विषय आहे. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सुचवले की साखर आणि मळी, बगॅस (उसाचा चोथा), प्रेसमड (रस स्वच्छ करताना उरणारा गाळ) ही पहिल्या टप्प्यातील उपउत्पादने यांच्या उत्पन्नातील ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातील ७५ टक्के ऊस उत्पादकाला मिळावेत. महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेला ऊस दराचा कायदा याच सूत्रावर उभा आहे. यात पहिल्या टप्प्यातील उपउत्पादन म्हणून मळी धरली जाते; मळीपासून पुढे केलेल्या इथेनॉलचा नफा थेट धरला जात नाही. डिस्टिलरीचे भांडवल कारखान्याने घातले, म्हणून पुढचा नफा त्याचा, हा त्यामागचा युक्तिवाद आहे. सहकारी कारखान्याचे भांडवल शेवटी सभासदांचेच असते आणि रस थेट डिस्टिलरीकडे गेला तर मळीचा टप्पा मुळी येतच नाही. त्यामुळे हे सूत्र नव्याने तपासण्याची गरज आहे, या शेतकरी संघटनांच्या मागणीशी मी सहमत आहे. वेळेच्या बाबतीत तरी स्थिती स्पष्ट आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा राज्याचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला.

गाडीच्या तक्रारीचे उत्तर ऊर्जेच्या हिशेबात आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा ते सात टक्क्यांनी घटते. सगळी घट ॲव्हरेजमध्ये उतरतेच असे नाही, कारण इथेनॉलचा ऑक्टेन अंक (इंधन इंजिनात अवेळी पेटू न देण्याच्या गुणाचे माप) १०८ च्या आसपास असतो आणि त्यासाठी रचलेले इंजिन त्याचा फायदा घेऊ शकते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने जुन्या रचनेच्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, दुचाकींत ३ ते ४ टक्के आणि ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के घट अपेक्षित धरली होती. लिटरला ५० किलोमीटर देणारी दुचाकी ४८ वर आली, तर ते या अंदाजात बसते. ती ४० वर आली असेल, तर कारण कार्ब्युरेटर, हवेचा दाब किंवा एअर फिल्टरमध्ये शोधावे लागेल.

इंजिन खराब होण्याची भीती सरसकट खरी नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर, सील आणि नळ्या ई-२० ला टिकतील अशा बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाड्यांत इथेनॉलमुळे रबरी भाग लवकर कडक होऊ शकतात किंवा फुगू शकतात. ते सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून बदलता येतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात एक काळजी विशेष महत्त्वाची आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि टाकीत पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले, तर ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी वेगळे बसते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. अशी गाडी टाकी पूर्ण रिकामी व कोरडी केल्याशिवाय सुरू करू नये. महिनोन्‌महिने वापरात नसलेल्या दुचाकीत जुने पेट्रोल तसेच ठेवू नये.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-२० विरोधातील याचिका फेटाळली. तरी ग्राहकाचा एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो रास्त आहे. लिटरमागे ऊर्जा कमी मिळते, तर दर कमी का होत नाही? सरकारचे उत्तर असे की वाहतूक आणि कर धरून इथेनॉल तेल कंपन्यांना सरासरी लिटरला ७१ रुपयांच्या वर पडते, म्हणजे ते स्वस्त राहिलेलेच नाही. या उत्तरातून हेही कळते की वाचणाऱ्या परकीय चलनाचा लाभ देशाला होतो आणि कमी ॲव्हरेजचा भार वाहनधारकावर येतो. निदान पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहिलेले असावे आणि जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचा पर्याय असावा. ब्राझीलमध्ये ऑगस्ट २०२५ पासून मिश्रण ३० टक्के झाले आहे, पण तेथे कितीही मिश्रण चालेल अशा फ्लेक्स-फ्युएल गाड्या २००३ पासून बाजारात आहेत. वीसच्या पुढे जाण्याआधी आपल्याकडे तशा गाड्या रस्त्यावर यायला हव्यात.

पाण्याचा हिशेब टाळून या विषयाचे चित्र पूर्ण होत नाही. नीती आयोगाच्या त्याच अहवालात साखरेपासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे म्हटले आहे. त्यातील बहुतेक पाणी उसाच्या शेतात जाते. पंचगंगा, वारणा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या खोऱ्यांत हे पाणी उपलब्ध आहे. मराठवाड्यात हाच निर्णय भूजलाच्या जिवावर घेतला जातो, आणि दोन्ही प्रदेशांना एकच धोरण लावणे मला चुकीचे वाटते. आपल्याकडची अडचण पाणी वापरण्यापेक्षा पाणी बिघडवण्याची आहे. एक लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचे सांडपाणी, तयार होतो. गडद तपकिरी, सेंद्रिय द्रव्याने भरलेले हे पाणी नदीत गेले, तर ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते आणि मासे गुदमरतात. पंचगंगेत मृत माशांचा खच पडल्याच्या बातम्यांत ‘मळीमिश्रित पाणी’ हे शब्द वर्षानुवर्षे येत राहिले आहेत. नदीच्या दुखण्याला शहरांचे सांडपाणी आणि कापड प्रक्रियेचे पाणीही तितकेच कारण आहे, हे खरे. पण त्यामुळे डिस्टिलरीची जबाबदारी हलकी होत नाही.

यावर उपाय उपलब्ध आहे. स्पेंट वॉश आटवून दाट करतात आणि बगॅसबरोबर खास बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ मिळते आणि बाहेर एक थेंबही सोडावा लागत नाही. उरलेल्या राखेत पोटॅश असते, जे उसाने जमिनीतूनच उचललेले असते. आपल्या देशाला पोटॅश खत जवळपास पूर्णपणे आयात करावे लागते, म्हणून केंद्र सरकारने मळीपासूनच्या पोटॅशला खत म्हणून अनुदान दिले आणि त्याचा कारखान्याचा दर टनाला ४,२६३ रुपये ठरवून दिला. हे खत त्याच कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील उसाला परत मिळू शकते. असे बॉयलर महाग असतात आणि चालवायला कटकटीचे असतात, त्यामुळे ते बसवले आहेत की नाहीत, एवढेच न पाहता ते रात्रीही चालतात की नाही, हे पाहण्याची गरज आहे.

पुढच्या वाटाही आखल्या जात आहेत. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान देशात तयार झालेले जैवइंधन मिसळून उडाले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात असे इंधन २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के मिसळण्याचे उद्दिष्ट आहे, आणि ते बनवण्याचा एक मार्ग इथेनॉलमधून जातो. डिझेलमध्ये इथेनॉल नीट मिसळत नाही, म्हणून साखर आंबवूनच मिळणाऱ्या आयसोब्युटेनॉलच्या चाचण्या सुरू आहेत. प्रेसमडपासून गॅस करण्याचे प्रकल्पही येत आहेत. यातले जे उत्पादन पहिल्यांदा कारखान्याच्या आवारात येईल, त्याचे उत्पन्न ७० टक्क्यांच्या सूत्रात धरायचे की नाही, हे प्रकल्पाच्या मंजुरीच्या ठरावातच लिहून घेणे सभासदांच्या हिताचे आहे. उभारणी झाल्यानंतर हा प्रश्न न्यायालयात जातो आणि तेथे त्याला वर्षे लागतात.